इंजिन चालू ठेवून

अँब्रोज थ्वेट इंजिन चालू ठेवूनच गाडीतून उतरला. घाटमाथ्यावर वारा होता. पबसमोरचे आवार सपाट होते आणि सपाट जागा त्याला आवडत नसे. उतारावर गाडी नुसती सोडली तरी सुरू होते. सपाटीवर हँडल मारावे लागते.

हँडल मारायला दोन माणसे लागतात. एकाने पुढे वाकून ते फिरवायचे, दुसऱ्याने आत बसून पेट्रोल वाढवणारा चोकचा खटका ओढून धरायचा आणि इंजिनाने पहिला श्वास घेताच तो आत ढकलायचा. क्षणभर उशीर झाला की पेट्रोल जास्त होऊन इंजिन गुदमरते. १९२६ सालच्या या उघड्या गाडीत चोकचे काम त्याच्या बायकोचे, नोराचे होते. नोरा जाऊन दोन वर्षे झाली होती. घरासमोर उतार असल्यामुळे अँब्रोज निघू शकत असे. वाटेत मात्र तो इंजिन कुठेही बंद करत नसे.

त्यामुळे त्याचे हिंडणे बहुतेक पुस्तकातच होई. यॉर्कशायरमधल्या वाटांची माहिती देणारी, गाडीच्याच वयाची पुस्तके दोघांनी जुन्या बाजारांतून जमवली होती. गाव आले की तो बॉनेटला टेकून त्या गावाचे पान वाचे. चर्चच्या रंगीत काचा, गिरणीजवळचा पूल, लोणी चांगले कुठे मिळते. वाचून झाले की पुन्हा गाडीत बसे. आजचे पान याच पबचे होते. वरच्या खिडकीतून सगळी दरी दिसते, असे त्यात लिहिले होते.

पबची मालकीण हेस्टर दारात आली. "काय रे, चहा तू घेणार की तुझ्या इंजिनालाच पाजू?"

"नको. निघतोच आहे."

"दोन वर्षं निघतोच आहेस," असे म्हणून ती आत गेली.

तिच्या मागून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, अंगात तेलाचे डाग पडलेला कोट. भिंतीशी लावलेली हिरवी गाडी तिची असावी. ती गाडीही अँब्रोजच्या गाडीइतकीच जुनी होती, पण इंजिन बंद करून गप्प उभी होती.

"अहो टोपीवाले," बाई म्हणाली, "चोक सांभाळता येतो ना? मग बसा आत. मी हँडल मारते."

"तुमच्याबरोबर कुणी नाही?"

"नाही."

"मग बंद कशाला केलीत?"

"भूक लागली होती," बाई म्हणाली. याहून वेगळे कारण काय असणार, असा तिचा चेहरा होता.

अँब्रोज आत बसला. हँडल मारणारा म्हणून त्याचे आयुष्य गाडीच्या पुढ्यात वाकण्यात गेले होते. या बाजूने त्याने कधी पाहिले नव्हते. काचेतून एक वाकलेली पाठ दिसत होती. दर फेरीनंतर चेहरा वर येई आणि झालं का, म्हणून त्याच्याकडे बघे. नोराला इतकी वर्षे हे दिसत होते तर.

तिसऱ्या फेरीला इंजिनाने श्वास घेतला. त्याने चोक आत ढकलला.

"हात चांगला आहे तुमचा," बाई म्हणाली. तिने त्याला उतरवले, स्वतः बसली आणि निघून गेली. नाव तिने सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. वळणापलीकडे आवाज विरला आणि आवारात फक्त त्याचे इंजिन उरले.

तो आपल्या गाडीत बसला. पहिला गिअर टाकला, पुन्हा काढला. पेट्रोल पुरेसे होते. उजेड होता. निघायला काहीच हरकत नव्हती. त्याने स्विचवर बोट ठेवले आणि बराच वेळ ते तसेच ठेवले. मग स्विच बंद केला.

सगळे इतके शांत झाले की पबमधल्या काट्याचमच्यांचे आवाज ऐकू आले.

तो पबमध्ये जाऊन बसल्यावर हेस्टरने त्याच्यापुढे चहा आणि मटणाचा पॅटिस ठेवला. खिडकीतून बाहेर पाहिले आणि तिचा हात तसाच थांबला. "अरे, बंद केलीस? आता घरी कसा जाणार?"

"विचारेन कुणाला तरी," अँब्रोज म्हणाला, आणि खोलीत कोण कोण बसले आहे ते पाहू लागला.