हरकतीची पंधरा मिनिटं

निकाल पुकारला तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. हरकत घ्यायची मुदत पंधरा मिनिटांची. डॉ. अक्षरानं हातातलं घड्याळ काढून टेबलावर समोरच ठेवलं.

ती जत्रेची पशुवैद्य, आणि पंचांतली एक. सकाळी अकराही घोडे तिनंच तपासले होते. शर्यतीत एखादा पडला तर जवळ असावं म्हणून ती वळणावर, चौथ्या निशाणापाशी उभी होती. म्हणून तिला दिसलं. दयानंदनं पांढरा घोडा निशाणाच्या बाहेरून न्यायचा तो आतून नेला. वीस-बावीस पावलं वाचली. मागच्या स्वारांना नुसती धूळ दिसली.

पांढरा पहिला आला. आनंदराजची घोडी तारका अर्ध्या मानेनं मागं राहिली. पहिला घोडा वर्षभर पालखीपुढं चालणार होता. मुखेड ते उदगीर, सगळी गावं त्याच्या पाया पडणार होती.

"तुम्ही पाहिलं, मी ऐकलं," मुख्य पंच माणिकप्पा हळूच म्हणाले. "पण आपल्याला बोलता येत न्हाई, डॉक्टरीणबाई."

नियम मागच्या फळीवर रंगवलेला होता. धावलेल्या कोणत्याही घोड्याचा मालक किंवा स्वार हरकत घेऊ शकतो. त्यानं स्वतः पाहिलेलं असावं, आणि आपल्या घोड्याच्या कपाळावर हात ठेवून सांगावं. पंचांनी तोंड उघडलं की पंच फिरले म्हणून काठ्या निघायच्या. माणिकप्पांच्या आजोबांनी हा नियम घातला, तेव्हापासून काठ्या निघाल्या नव्हत्या.

माणिकप्पांनी आनंदराजला रीतसर विचारलं, "हरकत?"

"माझ्या डोळ्यांत धूळ होती, आप्पा." तो घोडीचा घाम पुसत होता. "न्हाई पाहिलं ते तिच्या कपाळावर हात ठेवून कसं सांगू?"

बाकीच्या स्वारांनीही नाही म्हणून माना हलवल्या.

चार वाजून बारा मिनिटं.

पलीकडं हलगी वाजत होती. दयानंदच्या गळ्यात हार पडले होते. किनवटकडून टेम्पोत घालून आणलेला तो घोडा गुलालात उभा होता. अक्षराची नजर पुन्हा त्याच्याकडं गेली. सकाळी तिनं त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मोजणंच विसरली. पुन्हा मोजले, तर मिनिटाला अठ्ठावीस ठोके. दोन ठोक्यांमध्ये एवढी शांतता तिनं कुठल्या जनावरात ऐकली नव्हती. डोक्याला मात्र त्यानं कोणालाच हात लावू दिला नाही. दयानंद लगामाला लोंबकळला, आणखी दोघं लोंबकळले. मान खाली आली नाही. डोळे तपासायला तिला बैलगाडीवर चढावं लागलं होतं.

"साहेब, मला हरकत घ्यायची हाय."

टेबलासमोर एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत धूळ, हातात पाण्याची रिकामी बादली.

"मावशे, ही पंचांची जागा हाय," माणिकप्पा म्हणाले. "प्रसाद तिकडं."

"प्रसाद झाला. मी चौथ्या निशाणाच्या बांधावर होते. त्या घोडीवर अन्याव झाला." तिनं तारकेकडं बोट केलं. "पांढरा आतून गेला."

 अक्षरानं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"आनंदराज," गर्दीतून कोणी ओरडलं, "सासूबाई वकील करून आणली का रे?"

लोक हसले. आनंदराजनं म्हातारीकडं पाहिलं. "मी या आजीला वळखत बी न्हाई."

"कोण गाव, मावशे?"

"इस्लापूर."

"एवढ्या लांबून भांडायला आली व्हय? हे बघ, बघणाऱ्यांनी हरकत घेतली तर जत्रा म्हैनाभर उठायची न्हाई. ज्याचा घोडा धावला, त्यानंच घ्यायची."

"हाव. तेच म्हणून राहिले मी."

माणिकप्पांनी कपाळाला हात लावला. "डॉक्टरीणबाई, कार्डं बघा. हिचं समाधान व्हऊ द्या."

"आजी, नाव?"

"साखराबाई."

प्रत्येक घोड्याचं एक कार्ड होतं. रंग, उंची, भोवरे अक्षरानं लिहिलेले. मालकाचं नाव कागदपत्रं बघून कंपाउंडरनं. जिंकलेल्याचं कार्ड रीतीप्रमाणं बक्षिसाच्या कपाखाली दाबून ठेवलं होतं. अक्षरानं बाकीची चळत ओढली. तिला ते नाव सापडायला हवं होतं. एकेक कार्ड ती वर-खाली वाचत गेली. आनंदराज. मृत्युंजय. रविकिरण. दहाही झाली. तिनं पुन्हा एकदा मोजली. दहाच.

"नाही," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला.

"झालं?" माणिकप्पांनी पांढरं निशाण हातात घेतलं. ते वर गेलं की निकाल कायम. "दोन मिनिटं राहिली, मावशे. घरी जा."

 साखराबाई बादली टेबलाशी ठेवून रिंगणाकडं निघाली.

"चालली घोडीचा मुका घ्यायला," कोणी म्हणालं. आनंदराजनं तारकेला जरा बाजूला घेऊन वाट करून दिली.

म्हातारी तारकेपाशी थांबली नाही.

ती हलगीवाल्यांमधून गेली. हलगी थांबली. दयानंदचा गुलालाचा हात वरच राहिला. तिला बघून पांढऱ्या घोड्यानं कान टवकारले आणि मान खाली आणली, पार तिच्या छातीपर्यंत. तिनं त्याच्या कपाळावरचा गुलाल पदरानं पुसला, तिथं हात ठेवला आणि माणिकप्पांकडं वळून पाहिलं.

अक्षरानं कप उचलला. खालच्या कार्डावर, मालकाच्या नावापुढं, कंपाउंडरच्या अक्षरात लिहिलं होतं: साखराबाई, इस्लापूर.