दिवा विझायला नऊ सेकंद
बोटीवर नोकरीला गेलेला नवरा. त्याला त्याच्या मोटरसायकलचा आवाज ऐकवायला दर रविवारी सायलेन्सरजवळ धरलेला फोन. तेलाचा लाल दिवा, जो गाडी चालू झाली की लगेच विझायला हवा. आज त्याला नऊ सेकंद लागले होते.

"इंजिन गेलं का हो, रज्जाकभाई?" हेमलतेने विचारलं. "ह्यांचा जीव आहे या गाडीत."

मेकॅनिकने गाडी बंद करून लगेच पुन्हा चालू केली. दिवा दोन सेकंदांत विझला.

"पंप ठणठणीत आहे, वहिनी. गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं. ते अडवणारं फिल्टरमधलं रबर कडक झालंय, बदलतो." मग त्याने तेल हुंगलं. "पेट्रोलचा वास येतोय. रविवारी किती वेळ चालू ठेवता?"

"ह्यांना आवाज ऐकू जाईपर्यंत. अर्धं मिनिट."

"म्हणजे तेल जेमतेम वर पोचतं आणि तुम्ही बंद करता. गाडी गरमच होत नाही, न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. असंच चाललं तर इंजिन खरंच बसेल. चालू केलीत तर पंधरा मिनिटं राहू द्या, नाहीतर हात लावू नका."

हेमलता टाकीवरची धूळ पुसत राहिली. हात लावायचा नाही, तर रविवारी ऐकवायचं काय? आणि चालू ठेवायची, तर...

"पंधरा मिनिटं फोन धरून बसले, तर हे काय बोलतील हो?"

"ते मला काय विचारता," रज्जाकभाई हसला. "मी फिल्टरचं बघतो."

अकरा महिन्यांत नवऱ्याचा एकही फोन चार मिनिटांपुढे गेला नव्हता.