त्रेसष्टावा निरोप

“बासष्ट झाला. पुढचा सांगा, मास्तर.” डॉक्टरबाईंनी माइकचं बटण सोडलं आणि पेन्सिलीला टोक काढलं.

भूकंपाचा तिसरा दिवस होता. डोंगरापलीकडच्या गावाचे फोन बंद, पूल तुटलेला. तिथून बाहेर येणारा आवाज एकच, शाळेच्या मैदानात बॅटरीवर हॅम रेडिओ लावून बसलेल्या मास्तरांचा. इकडे डॉक्टरबाईंचा दातांचा दवाखाना. खुर्चीत पेशंटऐवजी वायरींचं भेंडोळं आणि अवजारांच्या ट्रेवर रेडिओचा सेट. मास्तर गावकऱ्यांचे निरोप सांगत, बाई ते लिहून घेत आणि नातेवाइकांना फोन करून कळवत. बारा वर्षं दोघं रोज सकाळी हवेतून गप्पा मारत आले होते, पण एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं.

लिहून घेतलेला निरोप शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचा, हा मास्तरांचा दंडक. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. “डॉक्टरांचं अक्षर, तुमचं तुम्हाला तरी लागतं का?” अशी वर फिरकीही घ्यायचे. सकाळपासून बाईंनी चारदा बोलणी खाल्ली होती.

“त्रेसष्ट. आता हा शेवटचा,” मास्तर म्हणाले. त्यांनी एक फोन नंबर सांगितला. “माझ्या मुलीचा आहे. मजकूर लिहा. परवा घर पडलं, त्यात तुझी आई गेली. तिला फार त्रास झाला नाही. पूल तुटलाय, निघायची घाई करू नकोस. मी ठीक आहे.”

पेन्सिल मध्येच थांबली. परवा. म्हणजे पहिल्या निरोपाच्याही आधी. बासष्ट घरांची खुशाली या माणसाने आधी पोचवली, आणि बाईंना आवाजावरून काहीच कळलं नाही.

“वाचून दाखवा,” मास्तर म्हणाले.

“राहू दे, मास्तर. नीट लिहिलाय मी.”

“वाचा, डॉक्टरबाई. मला एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय.”

बाईंनी वाचला. ‘तुझी आई गेली’पाशीही एकही शब्द गाळला नाही.

मास्तर म्हणाले, “बरोबर आहे. आणि हे बघा, तिला सांगायच्या आधी विचारा, जवळ कोणी आहे का. एकटी असली तर शेजारच्या काकूंना बोलावून घे म्हणावं, मग सांगा.”

“विचारते,” बाई म्हणाल्या. बटण सोडता सोडता त्यांनी परत दाबलं. “आणि तुमच्याजवळ कोण आहे?”

पलीकडून नुसती खरखर. मग ती एकदम थांबली, म्हणजे मास्तरांनी बटण दाबलं होतं. शब्द मात्र आला नाही. लांबून कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, कुठेतरी पत्रा ओढला जात होता. आणि अगदी माइकशेजारी एक म्हातारा माणूस रडत होता.

पलीकडचं बटण दाबलेलं असेपर्यंत इकडून बोलता येत नाही. बाईंनी खुर्चीतल्या वायरी उचलून जमिनीवर ठेवल्या आणि त्या सेटजवळ ऐकत बसून राहिल्या.