पंगतीतून उठायचं नाही

मटणाचं भांडं टेबलावर आलं आणि कॉर्नीलियस टूहीचा चेहरा हिरवापिवळा झाला.

चौघांची पंगत होती. समोर सिब्ली आणि वेस हे दोन तरुण विद्यार्थी, शेजारी लठ्ठ ब्लेंकिरन. चौघांच्या अंगावर काळे गाऊन, कारण गाऊनशिवाय इथे पाण्याचा घोटही मिळत नाही. टूही आयर्लंडहून निघाला होता तो वादळातच. रात्रभर समुद्राने बोट अशी घुसळली की खलाशीसुद्धा देवाचा धावा करत होते. तिथून आगगाडी, आगगाडीतून थेट इथे. पाय लंडनला पोचले होते, पोट अजून बोटीतच होतं.

आयरिश माणसाला आपल्याच गावी बॅरिस्टरी करायची असली, तरी आधी लंडनला येऊन बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेच्या या दालनात ठरलेली जेवणं जेवून दाखवावी लागत. कायदा किती येतो हे कुणी फारसं विचारत नसे. जेवायला आला होता का, हे मात्र हटकून विचारत. जेवणाआधीच्या प्रार्थनेला हजर हवं, आणि नंतरची प्रार्थना होईपर्यंत पंगतीतून उठायचं नाही. उठलात, की ते जेवण धरलं जात नाही. टूहीचं हे शेवटचं जेवण होतं आणि सत्राचाही आज शेवटचा दिवस होता.

ब्लेंकिरन इथला सगळ्यांत जुना विद्यार्थी. त्यामुळे पंगतीचा म्होरक्या तोच आणि वाढायची सुरीही त्याच्याच हातात. चांगले तुकडे तो आधी स्वतःच्या ताटात ओढतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्याच्या शेजारी सहसा कुणी बसत नसे. टूही धापा टाकत आत शिरला तेव्हा तेवढीच जागा उरली होती.

ब्लेंकिरनने झाकण उचललं आणि डोळे मिटून वास घेतला. टूहीने रुमाल तोंडाला लावला. तो अर्धवट उठला.

“बसा!” ब्लेंकिरन गुरगुरला. “समुद्र ओलांडून जेवायला यायचं आणि ताट बघून पळायचं? मटणाने काय घोडं मारलंय तुमचं?”

“मटणाचं काही नाही हो. रात्रभर बोट लागलीय मला. हा वास... मला बाहेर जाऊ द्या.”

“बाहेर गेलात तर आजचं जेवण गेलं.”

“ठाऊक आहे,” टूही रडकुंडीला आला. “हे एकच राहिलंय. वडिलांची नजर जात चाललीय. मला एकदा कोर्टात उभं राहिलेलं बघायचंय त्यांना. पुढच्या सत्रापर्यंत डोळे टिकणार नाहीत म्हणतात डॉक्टर. पण इथे टेबलावरच ओकलो तर?”

“तर चौघांनाही हाकलतील,” सिब्ली म्हणाला.

ब्लेंकिरनने टूहीकडे पाहिलं. मग मटणाकडे पाहिलं, आणि ते पाहणं जरा लांबलंच. मग त्याने भांड्यावर झाकण परत ठेवलं आणि वाढप्याला हाक मारली.

“उचल हे. शेजारच्या पंगतीला देऊ नकोस, तिथूनही वास येईल. स्वयंपाकघरात परत ने.”

“अहो!” वेस किंचाळला. “आम्ही काय खायचं?”

“पाव खा. म्होरक्याने घेतल्याशिवाय बाकीच्यांनी घ्यायचं नाही, ही इथली रीत. आणि म्होरक्याला आज भूक नाही.”

ब्लेंकिरनला भूक नाही! असं वाक्य त्या दालनात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. सिब्लीने हसू दाबलं. वेस क्षणभर धुसफुसला, मग त्यानेच मोहरीची वाटी वाढप्याच्या हातात दिली. “हीपण ने बाबा. हिलाही वास आहे.”

आता फक्त प्रार्थनेची वाट पाहायची होती. पण ती म्हणायची दालनाच्या टोकाला, वरच्या टेबलावर बसलेल्या वडीलधाऱ्या बॅरिस्टरांनी, आणि त्यांना कसली घाई? एकाचा किस्सा संपला की दुसरा आपला सुरू करी. टूही घामाने निथळत होता.

“साक्षीदार, माझ्याकडे बघा,” ब्लेंकिरनने उलटतपासणी सुरू केली. “वडील काय करतात?”

“शाळामास्तर होते.”

“गावात काय आहे?”

“समुद्र...”

“तो नको! डोंगर आहे का?”

“आहे.”

“हलतो?”

“नाही.”

“मग त्याच्याबद्दल सांगा.”

टूही टेबलाची कड घट्ट धरून सांगू लागला. लहानपणी वडील त्याला त्या डोंगरावर नेत आणि मेंढ्यांसमोर उभं करून भाषणं करायला लावत. मेंढ्या हलल्या की खटला हरला. मेंढ्यांचं नाव निघताच ब्लेंकिरनने आवंढा गिळला, पण प्रश्न थांबवले नाहीत.

शेवटी टेबलावर हातोडी वाजली. सगळं दालन उभं राहिलं. वरच्या टेबलावरचा सगळ्यांत वृद्ध बॅरिस्टर रोजच्या घाईत पुटपुटला, “हे प्रभू, जे अन्न आम्ही आत्ता पोटभर खाल्लं, त्याबद्दल आम्ही तुझे मनापासून ऋणी आहोत.”

बाकीचे ओठातल्या ओठात ‘आमेन’ म्हणत बाकांवरून बाहेर पडायच्या बेतात होते. टूहीने आपल्या पंगतीची चार कोरी ताटं पाहिली. त्याचे डोळे भरून आले. जन्मात कुणाचे एवढे उपकार त्याच्यावर झाले नव्हते. “आमेन!” तो इतक्या जोरात म्हणाला की पार दारापर्यंतच्या माना वळल्या.

वृद्ध बॅरिस्टरने चष्मा सावरून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

“आचाऱ्याला माझा निरोप द्या,” तो शेजारच्याला म्हणाला. “मटण आज खरंच चांगलं झालं होतं.”