केसातला श्रावण

शाळेच्या आरोग्य तपासणीत शिक्षिका नाचणेबाईंनी तन्वीचा एक लांब केस यंत्रात ठेवला. पडद्यावर तो दोरखंडाएवढा दिसू लागला. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून एका सेंटिमीटरला एक महिना. मध्येच पाऱ्याचा काळाकुट्ट पट्टा होता.

"मोठे मासे भरवता ना हिला? त्यांतूनच पारा अंगात जातो," बाईंनी तिच्या आईला विचारलं. "घरच्या जेवणातून विषबाधा झाली, की नियमाने मुलगी वसतिगृहात जाते."

"सुरमई मी विकते, बाई. घरात बोटाएवढी मांदेलीच शिजते," भानुमती म्हणाली.

"केस खोटं बोलत नाही."

भानुमतीने पट्ट्यावर बोट ठेवलं. "हा महिना कुठला?"

"ऑगस्ट. म्हणजे श्रावण."

"श्रावणात आमच्याकडे मासा शिजतच नाही." ती लेकीकडे वळली. "तेव्हा काय खायचीस गं तू?"

"घरी वरणभात. आणि शाळेत त्या महिन्यात पोषणाच्या नव्या पावडरची खिचडी होती. या बाई रोज आधी चाखायच्या, मग आम्हाला वाढायच्या."

भानुमतीने बाईंच्या खांद्यावर गळून पडलेला केस उचलला आणि यंत्रात ठेवला.

काळा पट्टा त्याच महिन्यात होता.

बाईंचा हात यंत्र बंद करायला पुढे झाला. भानुमतीने त्यांचं मनगट धरलं.