करवंदीचा काटा

"काटा आत मोडून राहिलाय. टाच उघडून बघावी लागेल," कट्टा गावचे डॉक्टर विनीतला सांगत होते. "इतकी मलमं झाली, जेल झालं, भारीतल्या पट्ट्या झाल्या. आईंची साखरही आता ताब्यात आहे. तरी जखम पाच महिने भरत नाही, म्हणजे दुसरं काय असणार?"

नर्मदा शेजारी मान खाली घालून बसली होती. काटा नव्हताच. गणपतीत विनीत मुंबईहून मसुऱ्याला आला, तेव्हा दरवर्षीसारखंच त्याने पळीत कोकमाचं तेल वितळवून तिच्या टाचेच्या भेगांत भरलं. तेल कढत होतं. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला पत्ताही लागला नाही. दुसऱ्या दिवशी तो चहाही न घेता निघून गेला आणि त्यानंतर तिला फोड दिसला. "करवंदीचो काटो लागलो," तिने फोनवर ठोकून दिलं. डॉक्टरांनाही तेच.

खरं कशाला सांगायचं? पोर पुन्हा पायाला हात लावायचं नाही. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. वर्षभरात तिच्या अंगाला मायेचा हात लागायचा, तो तेवढाच.

पण मेल्याने नंतर तोंडच दाखवलं नाही. कुरिअरने मलमाच्या ट्यूबा मात्र यायच्या, एकीहून एक महाग. आंगणेवाडीच्या जत्रेला अख्खी मुंबई लोटली, हा नाही. त्या दिवशी एकटीने पट्टी बदलताना तिने पोटभर रडून घेतलं. आज आला, तोही सहीपुरता.

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "किती कापावं लागेल ते आधी सांगता येत नाही. पाय वाचेलच, असंही नाही."

विनीत नर्मदेकडे बघत होता. खरं सांगायची वेळ हीच, हे तिला कळत होतं.

"कापा," ती म्हणाली. "काटोच आसा."

विनीतने पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"आत काटा नाही, डॉक्टर." मग तो आईकडे वळला, पण तिच्या तोंडाकडे बघायचा त्याला धीर होईना. "आये, कढत तेल मीच घातलंय. सकाळी तू उठूच्या आदी फोड बघलंय, नि भियान पळालंय."