स्टेजखालची बाग

"उचला तिला. बघत काय बसलाय?" मोठ्या बाई दात आवळून म्हणाल्या. चेहऱ्यावरचं हसू मात्र त्यांनी ढळू दिलं नाही, कारण समोर पाहुणे होते.

सातवीतल्या मिरचीची चाकाची खुर्ची स्टेजच्या पायऱ्यांपाशी अडली होती. एका बाजूला शिपाईकाका, दुसऱ्या बाजूला हस्तकलेच्या बाई. वर पाहुणे साहेब वर्गाच्या वतीनं तिला द्यायची ढाल घेऊन ताटकळत होते. पर्यावरण जपणाऱ्या शाळेचा पुरस्कार होता तो, आणि मिळाला होता सातवीच्या भाजीबागेला. बाग मुलांनीच आखली, मुलांनीच केली. आणि हे स्टेज त्याच बागेवर उभं होतं.

काल शाळा सुटल्यावर स्टेजवाले आले. मैदानात पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं, सावली काय ती बागेतच, म्हणून मोठ्या बाईंनी बागेकडे बोट दाखवलं.

"अहो, बक्षीस या बागेलाच मिळतंय!" हस्तकलेच्या बाई ओरडल्या होत्या.

"मिळालं ना? झालं तर मग! चार भाज्या काय, पुन्हा लावता येतील."

लोखंडी पाय घेवड्याच्या वेलांत रोवले गेले.

चार भाज्या! वर्गातल्या सगळ्यात बुटक्या पोराचा हात मोजून मुलांनी वाफ्यांची रुंदी ठरवली होती. मधल्या रोपाला हात पोचला पाहिजे, पण मातीवर पाय पडता कामा नये. हात धुण्याचं पाणी खडी-वाळूतून गाळून वाफ्यांत सोडलं होतं. डब्यांतलं उरलंसुरलं कुजवून खत केलं, तेव्हा सगळ्या शाळेनं नाकं मुरडली होती. आणि मिरचीचा वाफा तर कमरेइतका उंच, खुर्ची खाली शिरेल असा. तो तिनं स्वतः आखला. पहिल्यांदा गुडघे अडले, दुसऱ्यांदा पाणी मांडीवर गळलं. तिसऱ्यांदा जमला. त्यात तिचा पालक तरारला होता. जिभेमुळे मिरची हे नाव पडलेली ती पोरगी त्या पालकाशी मात्र गोड बोलायची.

तो वाफा स्टेजखाली मावेना. मग हातोड्यानं फोडला.

सकाळी मिरचीनं ते पाहिलं. रडली नाही. हस्तकलेच्या बाईंकडे वळली.

"बाई, तुम्ही कुठे होतात?"

"मी सांगितलं गं त्यांना."

"नुसतं सांगितलंत?" एवढंच म्हणून तिनं खुर्ची वळवली होती. ते शब्द तेव्हापासून बाईंना कुसळासारखे टोचत होते.

आता बाईंनी खुर्चीचा दांडा धरला, तशी मिरची उसळली. "हात लावू नका मला!"

साहेब माइकवरून लाडानं म्हणाले, "लाजायचं काय त्यात, बाळा? ये ना वर."

"मी नाही येणार वर. तुम्हीच खाली या. आमची बाग खाली आहे, तुमच्या बुटांखाली!"

साहेबांनी पायाखालच्या लाल गालिच्याकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई त्यांच्या कानाशी लागल्या. साहेबांनी मान डोलावली आणि ते मोकळेपणानं हसले.

"पोरगी भलतीच हजरजबाबी आहे बुवा! टाळ्या झाल्या पाहिजेत! पुढच्या वर्षी याहून मोठी बाग करा हं. चला, फोटो घ्या."

पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. सातवीचा वर्ग हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला कळलं होतं. सगळं कळूनही तो हसला होता.

"उचलताय की नाही?" मोठ्या बाई खाली वाकून पुटपुटल्या. "नाहीतर उद्यापासून येऊ नका शाळेत."

बाईंनी दांडा सोडला. पदर खोचला आणि एकट्याच पायऱ्या चढल्या. आली वठणीवर, असं वाटून मोठ्या बाईंनी त्यांना फोटोसाठी कडेला जागा करून दिली.

बाई त्या जागेवर उभ्या राहिल्या नाहीत. वाकून त्यांनी गालिच्याचं टोक धरलं आणि सगळा जोर लावून ओढलं. टेबल हललं, फुलदाणी आडवी झाली, मोठ्या बाई किंचाळल्या. खालच्या फळ्या उघड्या पडल्या. सातवीचा सगळा वर्ग उठून उभा राहिला.

बाईंनी पहिल्या फळीच्या फटीत बोटं घातली.

"साहेब, जरा बाजूला सरका," त्या म्हणाल्या. "मुलांना झाडांना पाणी घालायचंय."